जाताना टोल, येताना चौकशी

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं सोलापूरच्या जकात नाक्यावर काढली. गावात शिरणारा प्रत्येक ट्रक आडव्या बांबूपाशी थांबायचा, बाबा खिडकीतून विचारायचे, "काय माल आहे?" आणि पुढचं सगळं त्या ड्रायव्हरच्या उत्तरावर ठरायचं. पुढे जकात बंद झाली, खिडकी गेली, बांबू गेला. बाबांचं डोकं मात्र त्या खिडकीतच बसून राहिलं. आमच्या न्यूजर्सीतल्या पार्सिपनीच्या घरी पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाकडेही ते आधी संशयानं बघायचे आणि दार लागल्यावर मला निकाल सांगायचे, "हा खरा आहे. खोटं बोलणारा विचारायच्या आधीच बोलायला लागतो."

अशा माणसाला मी खोटं बोलायला शिकवलं.

इथल्या मराठी घरांत ही शिकवणी आता रीतच झाली आहे. आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात ते नातवंडं सांभाळायला. हे तिकीट काढून देणाऱ्याला माहीत असतं, तिकडच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असतं, फक्त विमानतळावरच्या खिडकीत सांगायचं नसतं. फिरायच्या व्हिसावर आलेल्यानं काम करायचं नाही असा नियम आहे, आणि दिवसाचे दहा तास मूल सांभाळणं हे त्या खिडकीतल्या माणसाला काम वाटू शकतं. आपल्याला वाटत नाही. आपल्याला ते आजोबांचं सुख वाटतं.

म्हणून निघायच्या आधी मी महिनाभर रोज व्हिडिओ कॉलवर बाबांकडून तीन वाक्यं घोकून घेतली. फिरायला आलोय. मुलीला भेटायला. परत जाणार आहे. इंग्रजीत हे असं होतं: "टूरिझम, सर. व्हिजिटिंग डॉटर. आय विल गो बॅक." एवढंच बोलायचं, चौथं वाक्य बोलायचं नाही. नातीचं नाव काढायचं नाही. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती असताना ही तीन वाक्यं ती म्हणायची, आणि अशी म्हणायची की खिडकीतला माणूस तिला कुठं कुठं फिरा ते सुचवायचा. बाबांना ते जमेना. स्क्रीनवर त्यांच्या कपाळावर घाम दिसायचा.

नेवार्कला उतरल्यावर त्यांनी ती वाक्यं कशीबशी म्हटली. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. गाडीत बसल्यावर म्हणाले, "मला काय वाटलं सांगू? ट्रकात गांजा भरलाय आणि कागदावर मी कांदे लिहिलेत."

मी हसले. मला ते विनोदी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबांची ड्यूटी सुरू झाली. हा शब्द त्यांचाच. सकाळी आठला ते इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून जिना उतरायचे. मी लॅपटॉप उघडायची, नवरा ऑफिसला निघायचा, आणि माझी तीन वर्षांची मुलगी त्यांच्या ताब्यात जायची ती संध्याकाळी सहापर्यंत. अडुसष्टाव्या वर्षी ते वेणी घालायला शिकले. मऊ भात, बाथरूम, बागेत फेरी, दुपारची झोप, सगळं घड्याळावर. मुलगी इंग्रजीत बोलायची, ते मराठीत बोलायचे, दोघांचं काही अडत नव्हतं. सहाला ते वर जाऊन शर्ट बदलून यायचे आणि मगच जेवायला बसायचे.

त्यातही एक मेख होती. बाबांच्या मनात लेकीच्या घरचं फुकटचं जेवण बसत नव्हतं. कधी त्यांना ताप आला आणि मुलीला मी सांभाळलं, तर त्या दिवशी ते नुसता चहा-बिस्किटावर राहायचे. मी त्यांना दर महिन्याला शंभर डॉलर हातखर्चाला देऊ केले तर घेईनात. दोन महिने ती नोट टेबलावरून कपाटावर आणि कपाटावरून टेबलावर फिरली. शेवटी मी वैतागून म्हणाले, "हातखर्च नको ना? मग ड्यूटीचे समजा. पण घ्या."

ते घेतले त्यांनी. एका लांबट पाकिटात ठेवले आणि पाकिटावर निळ्या पेनानं ठसठशीत अक्षरात लिहिलं, पगार. मी ते पाहिलं होतं. मला तेही विनोदी वाटलं होतं.

पाचव्या महिन्यात मी नायगाराची टूम काढली. बाबांना धबधब्यात रस नव्हता. मला होता, म्हणजे धबधब्यात नाही, फोटोत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांचा नायगाराचा फोटो व्हावाच लागतो, आणि त्यातही दोन दर्जे आहेत. अमेरिकेच्या बाजूनं काढलेला, आणि पूल ओलांडून कॅनडातून काढलेला. माझ्या ओळखीतली एक काकू हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर म्हणाली होती, "आपल्या बाजूनं काय दिसतं गं? धबधब्याची पाठ दिसते." तिच्या सासू-सासऱ्यांचा फोटो समोरून होता. झालं. मी बाबांसाठी कॅनडाचा व्हिसा काढला. नवरा म्हणाला, "यार, कशाला बॉर्डर क्रॉस करतेस? बाबांचं रिटर्नचं तिकीट महिन्यावर आलंय. मुक्कामाचं एक्स्टेन्शन फाइल करायचंय. रिस्क कशाला?" त्याची ऑफिसची कामं होती म्हणून तो येणार नव्हता, आणि न येणाऱ्याच्या सल्ल्याला मी किंमत देत नाही.

रिस्क काय होती ते मला पक्कं ठाऊक होतं. परत येताना बाबांना पुन्हा खिडकीसमोर जावं लागणार होतं. तिथं ते अडखळले तर त्यांना आत घेणार नाहीत, आणि एकदा घेतलं नाही की व्हिसा गेला. मी आणि मुलगी सिटिझन, आम्हाला कोण अडवतंय? प्रश्न फक्त बाबांचा होता, आणि बाबांच्या जिवावर चाललेल्या माझ्या नोकरीचा. तरी मी निघाले, कारण मला तो फोटो हवा होता.

शनिवारी सकाळी निघालो. दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. बाबा पुढे, मुलगी मागे तिच्या सीटमध्ये. अर्ध्या-पाऊण तासात डेलावेअर नदीचा पूल आला आणि काचेवर चिकटवलेल्या टॅगमधून टोल कापला गेला. बाबांना कळलंच नाही. मी सांगितल्यावर वळून मागे बघत राहिले.

"कुणी बसलेलं नव्हतं की तिथं."

"कॅमेरा आहे, बाबा. नंबर वाचतो."

"आणि परत येताना?"

"येताना टोल नाही. न्यूजर्सीतून बाहेर जायचे पैसे, आत यायला फुकट."

हे त्यांना पटेना. जकात आत येणाऱ्याकडून घ्यायची, जाणाऱ्याकडून कसली? पुढे न्यूयॉर्कच्या हायवेवर लोखंडी कमानी सुरू झाल्या. गाडी सत्तरच्या वेगानं खालून जायची आणि पैसे कापले जायचे. प्रत्येक कमानीखाली बाबा मान वर करून बघायचे. शेवटी म्हणाले, "एवढा टोल भरला आणि एका माणसाचं तोंड दिसलं नाही. विचारायला नको काही? गाडीत काय आहे, कुठं निघालात?" मी म्हणाले, त्याचीच तर मजा आहे, कुणी विचारत नाही. मागून मुलगी म्हणाली, "आजोबा, आर वी देअर येट?" आणि बाबांनी तिला घड्याळ दाखवून अजून किती तास ते मराठीत समजावून सांगितलं.

विचारणारा माणूस थेट सरहद्दीच्या पुलावर भेटला. तिथं एका खिडकीत टोल घ्यायला एक म्हातारी बाई बसली होती. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी लगबगीनं खिशातून ते पाकीट काढलं, त्यातली नोट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हा माझ्याकडून. माझ्या पगारातला."

मी गाडी आठ तास चालवली होती, पाठ भरून आली होती, मुलगी मागे रडत होती. मी म्हणाले, "बाबा, ते माझेच पैसे आहेत."

त्यांनी नोट मागे घेतली नाही. मी ती खिडकीत दिली, सुटे आले ते त्यांच्या मांडीवर ठेवले. पलीकडच्या कॅनडाच्या अधिकाऱ्यानं दोन प्रश्न विचारून सोडून दिलं.

रविवारी सकाळी फोटो काढले. बाबांना निळा प्लॅस्टिकचा रेनकोट घातला, कठड्यापाशी उभं केलं, आणि मनासारखा येईपर्यंत अकरा वेळा काढला. हसा म्हटलं की हसायचे. मध्येच मान वळायची, कारण डाव्या हाताला तो पूल दिसत होता आणि बाबा त्यावरच्या गाड्या मोजत होते. "दिवसाला किती जात असतील गं?" मी म्हणाले, कॅमेऱ्यात बघा. सगळ्यांत चांगला निघालेला फोटो मी तिथूनच ग्रुपवर टाकला. काकूनं अंगठा पाठवला.

अकराच्या सुमाराला परत यायला निघालो. पुलावर रांग होती, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी म्हणाले, "बाबा, एकदा म्हणून दाखवा."

"येतंय मला."

"म्हणा ना एकदा."

त्यांनी म्हटलं. टूरिझम, सर. व्हिजिटिंग डॉटर. तिसऱ्या वाक्याला थांबले. मग मराठीत म्हणाले, "खरं सांगितलं तर काय होईल?"

"म्हणजे?"

"म्हणजे नातीला बघतो म्हणलं तर. चोरी तर नाही की ती. मी त्या खिडकीत बसलोय बाळ, मला माहिताय. खरं सांगणाऱ्याला आम्ही सोडायचो. कागद बरोबर नसला तरी सोडायचो. खोटं पकडलं की मग सगळा ट्रक रिकामा करायला लावायचो."

आता इथं मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी विसरायचा प्रयत्नही केलेला नाही. मी म्हणाले, "हा तुमचा सोलापूरचा नाका नाहीये. खरं सांगितलंत तर तुम्ही घरी जाल आणि इथं माझी वाट लागेल. डेकेअर काय पडतं माहितीये तुम्हाला? तुम्हाला काय, पाच महिने फुकट राहताय, फुकट खाताय, आणि माझ्यासाठी तीन वाक्यं बोलायची तर जीव जातोय!"

फुकट हा शब्द मी दोनदा वापरला. तो कुठं लागेल हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच वापरला. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरं नाही. मी रागात असले की नेमकं बोलते.

बाबांनी सीटबेल्ट सारखा केला. शर्टाची कॉलर नीट केली. खिडकी येईपर्यंत मागे मुलगी पायानं सीटला ठोकत होती.

खिडकीतला अधिकारी तरुण होता आणि अगदी साधा वागला. पासपोर्ट घेतले, मुलीला हॅलो म्हणाला, मला कुठं राहता विचारलं. मग वाकून बाबांकडे बघितलं आणि विचारलं, अमेरिकेत कशासाठी आलात. बाबा म्हणाले, टूरिझम. आणखी? व्हिजिटिंग डॉटर. किती दिवस झाले? पाच महिने. पाच महिने म्हटल्यावर त्यानं पुन्हा पासपोर्ट चाळला आणि सहज विचारावं तसं विचारलं, इतके दिवस तुमचा खर्च कोण करतं?

"माय डॉटर" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्यांचे आई-वडील तेच म्हणतात. मी आरशातून नाही, सरळ त्यांच्याकडे वळून बघितलं.

बाबा ताठ बसले. घाम नव्हता. आवाज अजिबात कापत नव्हता. म्हणाले, "आय ॲम नॉट स्टेइंग फ्री, सर. आय डू ड्यूटी. एट टू सिक्स. आय टेक केअर ऑफ बेबी. डॉटर गिव्ज सॅलरी."

पाच महिन्यांत मी त्यांचं इतकं स्वच्छ इंग्रजी ऐकलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं आमचे पासपोर्ट एका केशरी कागदात गुंडाळले आणि गाडी बाजूला लावायला सांगितली. आत एक हॉल होता, खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. तिथं आम्ही तीन तास बसलो. मुलीला दशमी भरवली ती बाबांनीच. मी फोनवर होते. नवऱ्याला मेसेज करत होते, आणि मधल्या मधे सोमवारी सकाळी आठला मुलीला कुठं ठेवायचं ते शोधत होते. बाबांना आत घेणार की नाही याच्याही आधी माझ्या डोक्यात सोमवार आला होता.

मग दुसऱ्या, वयस्कर अधिकाऱ्यानं आम्हाला काउंटरशी बोलावलं. बाबांची छोटी बॅग उघडली. गोळ्यांचा डबा, पंचा, चष्म्याचं घर, आणि ते लांबट पाकीट. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, वरच्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, हे काय लिहिलंय? आणि तुम्ही यांना खरोखर पगार देता का?

मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. मी हसले. आवाज खाली आणून, आपण दोघं शहाणे आहोत अशा सुरात म्हणाले, की साहेब, माझ्या वडिलांचं वय झालंय. आई गेल्यापासून ते जरा भ्रमिष्टासारखं करतात. आपण अजून नोकरीवर आहोत असं त्यांना वाटतं. आम्ही मन राखायला त्यांना खोटा पगार देतो. हा खेळ आहे, बाकी काही नाही. "ही इज कन्फ्यूज्ड," मी म्हणाले, आणि कपाळाशी बोट नेऊन दाखवलं.

इतकं चपखल खोटं मला कसं सुचलं कोण जाणे. अधिकाऱ्याचा चेहरा मऊ झालेला मी पाहिला. त्यानं मान हलवली. त्याचेही वडील असतील कुठंतरी. आणखी एक मिनिट बाबा गप्प राहते तर त्यानं आम्हाला सोडलं असतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. नातीचा हात त्यांच्या हातात होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कपाळाशी नेलेलं माझं बोट खाली येईपर्यंत थांबले आणि मग त्या अधिकाऱ्याला म्हणाले, "आय ॲम नॉट कन्फ्यूज्ड, सर. थर्टी वन इयर्स आय डिड युवर जॉब." पाकिटावरच्या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "सॅलरी. इट इज रिटन सॅलरी."

त्यानंतर त्यांना एका खोलीत नेऊन प्रश्न-उत्तरं टाइप केली. बाबांनी प्रत्येक पानावर सही केली. बाहेर आले तेव्हा व्हिसावर शिक्का होता, रद्द. मला सांगण्यात आलं की मी आणि मुलगी घरी जाऊ शकतो, आणि वडिलांना कॅनडात परत जावं लागेल. अधिकारी शेवटपर्यंत सभ्यपणे बोलत होता. मीच एकटी ओरडत होते.

बाबा गाडीकडे येताना म्हणाले, "माणूस कामाचा आहे. एकदाच विचारलं. जे सांगितलं तेच लिहिलं."

गाडी वळवून दिली आम्हाला. परत तोच पूल, परत टोलची खिडकी, कारण आम्ही पुन्हा बाहेर जात होतो. तीच म्हातारी बाई. बाबांनी न बोलता पाकीट काढलं, आणि यावेळी मी न बोलता नोट घेतली.

टोरंटोजवळ मिसिसागात नवऱ्याची एक लांबची मावशी राहते. बाबांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. मी रस्त्यातून तिला फोन केला, नवऱ्यानं मंगळवारचं टोरंटोहून मुंबईचं तिकीट काढलं. दोन दिवस मला बाबांजवळ राहता आलं असतं. हॉटेल होती, लॅपटॉप गाडीत होता, एक दिवस रजा टाकली असती तर कंपनी बुडणार नव्हती. मी राहिले नाही. मी चिडलेली होते आणि त्यांना ते कळावं अशी माझी इच्छा होती.

मावशीच्या दारात बाबा उतरले. अंगात तोच इस्त्रीचा शर्ट, हातात दोन दिवसांच्या गोळ्यांची बॅग. त्यांची मोठी सूटकेस, वहाणा, स्वेटर, आईचा फोटो, सगळं पार्सिपनीत राहिलं होतं. पाच वाजत आले होते. मुलगी सीटमध्ये बांधलेली होती, ती म्हणाली, "आजोबा, व्हाय आर यू गेटिंग डाउन?" ते वाकले, तिची सुटलेली वेणी पुन्हा घातली, रबर बसवलं. तिला म्हणाले, "ड्यूटी संपली."

मी खिडकीतून विचारलं, "का सांगितलंत? एका वाक्याचा प्रश्न होता."

ते म्हणाले, "पाच महिने फुकट खाल्लं असं तू म्हणालीस. ते खरं असतं तर मी गप्प बसलो असतो."

मी काच वर केली. मावशी चहाला आत बोलावत होती, मी हातानं नको म्हटलं आणि निघाले. अर्ध्या तासानं मागच्या सीटवर मुलगी रडायला लागली ती सरहद्दीपर्यंत रडत होती. या वेळी आम्हाला एका मिनिटात सोडलं. आत यायला टोल नव्हताच.

सूटकेस मी नंतर एका ओळखीच्यांबरोबर पाठवली. पाकीट बाबांनी गाडीच्या दाराच्या कप्प्यात ठेवलं होतं, ते मला कित्येक आठवड्यांनी काच पुसायचं फडकं शोधताना सापडलं. दोन टोल वजा जाता सगळ्या नोटा होत्या. वर्षभरानं आम्ही त्यांच्या व्हिसासाठी पुन्हा अर्ज केला, तो नाकारला. दुसऱ्यांदा करू म्हटलं तर बाबा म्हणाले, राहू दे. मुलीला डेकेअरला टाकलं. ती तिथं छान रुळली. व्हिडिओ कॉलवर ती त्यांच्याशी बोलायची, मग कमी बोलायला लागली, कारण तिला आता मराठी नीट कळत नाही आणि बाबांचं ते खिडकीतलं स्वच्छ इंग्रजी पुन्हा कधी आलं नाही.

तो धबधब्याचा फोटो अजून माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. येणारे जाणारे म्हणतात, किती मस्त आलाय, कॅनडा साइडचा ना? मी हो म्हणते.

गेल्या हिवाळ्यात बाबा बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी बारा दिवसांची रजा काढून एकटीच सोलापूरला गेले. बारातले दोन दिवस प्रवासात गेले, उरलेल्या दहांत मी दुपारी झोपायचे आणि संध्याकाळी त्यांच्या पलंगाशेजारी लॅपटॉप उघडून मीटिंगा करायचे. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन त्यांना पुसून काढायची, जेवू घालायची. तिला महिन्याचे पैसे मी अमेरिकेतून पाठवते. बाबांना उठून बसता येत नव्हतं. मान तेवढी वळायची. रोज सकाळी ते तिच्याकडून भांग पाडून घ्यायचे.

मी निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू कढी घेऊन आल्या. चांगल्या मनाच्या बाई आहेत, आई असल्यापासूनचं येणंजाणं. पलंगाजवळ बसल्या, बाबांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं आलीस बाई. आता राहणार ना बाबांजवळ? त्यांना बघायला कोणीतरी आपलं माणूस हवं."

मी तोंड उघडलं. काय सांगायचं ते मी जुळवत होते. रजा, प्रोजेक्ट, मुलीची शाळा. मी जरा जास्तच बोलायला लागणार हे मला स्वतःला ऐकू येत होतं.

बाबांनी उशीवरून मान वळवली. काकूंकडे बघून शांतपणे, न अडखळता म्हणाले, "फिरायला आलीय ती. वडिलांना भेटायला. परत जाणार आहे."